दारातला डोळा

मी आयुष्यात सगळ्यात जास्त भांडले असेन तर ते आमच्या जुन्नरच्या घरमालकीणबाईंशी, आणि दर वेळी एकाच कारणावरून. मला नव्या नंबरचा चष्मा हवा होता. बाई डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता, वरच्या मजल्यावर त्या राहत, मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो आणि मी शाळेत शिकवत होते, पण वर्गाच्या मागून मला फळ्यावरचं माझंच अक्षर दिसत नव्हतं. आता यात अवघड काय होतं, तुम्हीच सांगा. पण बाईंनी चष्मा दिला नाही तो नाहीच. मी तावातावाने काही बोलायला गेले की म्हणायच्या, "कानाकडे बघ."

हे कानाचं आधी सांगितलं पाहिजे. डोळ्याच्या आतला पडदा बघायचा तर डॉक्टरला हातातला दिवा घेऊन पेशंटच्या अगदी नाकाजवळ यावं लागतं, आणि पेशंटने डॉक्टरच्या कानावरून लांब कुठेतरी बघत राहायचं असतं. सरकारी नोकरीत उभा जन्म हेच सांगण्यात गेल्यामुळे निवृत्त झाल्यावरही बाईंना ते थांबवता येईना. भाजीवाली, पोस्टमन, लाइटबिल आणून देणारा माणूस, सगळ्यांना त्या बजावत की माझ्या तोंडाकडे बघू नका, तिथे काही नाही, कानाकडे बघा. हळूहळू आख्ख्या पेठेला सवय लागली. बाईंशी बोलताना माणसं त्यांच्या उजव्या कानाशी बोलत. त्यांनी कानातली कुडी बदलली की संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असे. आमचे हे तर भाडं द्यायला गेले की त्या कानाकडे इतक्या भक्तिभावाने बघत, की एकदा बाईंनी घाबरून आतून आरसा मागवला होता.

चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की कोऱ्या नजरेने बघत, मग त्याचा दंड धरून त्याला दवाखान्यात आणत, खिडकी लावून डोळ्यात दिवा मारत आणि म्हणत, "अरे, तू होय. आई कशी आहे?" सख्ख्या भावाला त्यांनी एसटी स्टँडवर ओळखलं नव्हतं, हे तो भाऊच सांगे. नावांचाही त्यांना कंटाळा. माणसाला हाक त्याच्या चष्म्याच्या नंबरावरून. मी पाऊण, कारण कॉलेजपासून मला पाऊण नंबरचा चष्मा. माझ्या सासूबाई अडीच. आमच्या ह्यांना नंबरच नव्हता, त्यामुळे इतकी वर्षं भाडेकरू राहूनही ह्यांना नाव मिळालं नाही. बाईंनी लग्न का केलं नाही असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, बघायला आले ते सगळे चष्मे खिशात लपवून आले होते.

आणि त्यांची ती रांगोळी. पहाटे सडा घालून झाला की बाई दारात गेरूचं परातीएवढं वर्तुळ सारवत. त्यात एका बाजूला हळदीचा पिवळा ठिपका, म्हणजे नजरेची शीर डोळ्यात शिरते ती जागा, आणि त्या ठिपक्यातून वर-खाली फुटलेल्या फांद्याच फांद्या. आदल्या दिवशी तपासलेल्या डोळ्यांपैकी जो मनात भरला असेल त्याचा हा पडदा. माणसाच्या अंगातल्या रक्ताच्या शिरा, चिरफाड न करता, उघड्या बघायला मिळतात त्या फक्त इथे, असं त्या ऐटीत सांगत, जणू काही ती सोय त्यांनीच करून ठेवली होती. शुद्ध रक्त आणते ती रोहिणी, ती कुंकवाने काढायची. परत नेते ती नीला, तिच्यासाठी कुंकवात बुक्का कालवायचा. नीला जराशी जाड, रोहिणी तिच्याहून थोडी बारीक, आणि दोघी शेजारी शेजारी चालतात. हातातून उतरल्याशिवाय मला डोळा कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पेठेत कुणी त्या रांगोळीला करणी म्हणे, कुणी पिंपळ. पोस्टमन सायकल उचलून पलीकडे नेई. गल्लीतलं एक तांबडं कुत्रं मात्र रोज नेमकं हळदीच्या ठिपक्यावर येऊन झोपे. बाई वरून ओरडत, "ऊठ मेल्या, कुणाच्या तरी नजरेच्या शिरेवर बसलायस." पण हाकलायला काही खाली येत नसत.

आता चष्म्याकडे येते. बाईंचा एक नियम होता, गरोदर बाईला चष्मा द्यायचा नाही. कुणी हुज्जत घातली की सगळं समजावून सांगत, तेही कासाराच्या भाषेत. दिवस राहिले की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, बांगड्या घट्ट होतात. तसंच डोळ्याच्या पुढच्या काचेतही थोडं पाणी शिरतं, काच इवलीशी फुगते, तिचा बाक बदलतो आणि नंबर हलतो. "हा नंबर पाहुणा आहे. बाळंत हो, दीड महिना जाऊ दे, मग ये. तोवर तो गेलेला असतो. पाहुण्याला कुणी चष्मा करतं का?" डोळे कोरडे पडतात, म्हणून गरोदर बायकांना त्या रडण्याआधी तांब्याभर पाणी प्यायला लावत. डोळ्यातला दाब मात्र या महिन्यांत उतरतो. आळेफाट्याकडची एक काचबिंदूची बाई होती, तिचा दाब गरोदरपणात असा छान उतरला की बाळंत झाल्यावर ती बाईंना विचारायला आली, लगेच दुसऱ्याचं बघू का.

लोकांनी या नियमातून भलतंच शास्त्र काढलं. नवी सून चष्म्याशिवाय बाहेर आली म्हणजे तिला दिवस गेले. मढची एक नवरी डोकं दुखतं म्हणून आली होती. बाईंनी तपासलं, डोळे ठणठणीत होते, अंबाडा घट्ट होता. तो सैल करून त्यांनी तिला परत पाठवली. स्टँडवर मढची गाडी लागायच्या आत सासूने पेढे वाटून झाले होते. ती पोरगी तीन महिने सांगत होती की तसं काही नाही, पण कोण ऐकतो. चौथ्या महिन्यात तसं झालं, आणि सासू म्हणाली, "डाक्टरीण तवाच बोलली व्हती." एकदा एका म्हाताऱ्याला चष्म्याऐवजी थेंब देऊन पाठवलं, तर चहावाल्याने रिकाम्या नाकाकडे बघून विचारलं, "कितवा महिना, आबा?"

माझी बातमी गावाला अशीच कळली. माझ्याही आधी म्हटलं तरी चालेल.

लग्नाला सात वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. त्यानंतर आम्ही नवराबायको त्या विषयावर बोलतच नव्हतो. बोरी बुद्रुकला सासूबाई होत्या, त्याही कधी टोचून बोलल्या नाहीत, फक्त दर सणाला हिरवं लुगडं घेऊन ठेवत आणि परत ट्रंकेत टाकत. त्या वर्षी पाळी चुकून दोन महिने होत आले तरी मी ती गोष्ट स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. फळ्यावरचं दिसेना म्हणून फक्त नंबर वाढवून घ्यायला बाईंकडे गेले. त्यांनी भिंगं बदलून बदलून बघितली आणि म्हणाल्या की सव्वा झालाय. मग भिंगं खाली ठेवली आणि रस्त्याकडची खिडकी सताड उघडी असताना खणखणीत आवाजात विचारलं, "पाळी कधी चुकली?"

बाहेर भज्यांची कढई होती, तिच्यातला झारा थांबला. मी म्हटलं, ते राहू द्या, चष्म्याचं बोला. त्या म्हणाल्या, चष्मा नाही. मी बाहेर आले ती रिकाम्या हाताने, आणि पेठेने मला पाहिलं. संध्याकाळी घोडेगावच्या गाडीने आमचे हे आले. पंचायत समितीत नोकरीला होते, रोज जाऊन येऊन करत. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, कंडक्टर माझं अभिनंदन का करत होता? मला इतकं हसू फुटलं की स्टोव्ह बंद करावा लागला. ह्यांनाही कळलं, तेही हसायला लागले. मग आम्हाला एकदम भीती वाटली. तिसरा महिना अजून जायचा होता.

तो गेला. चौथाही गेला. पाचव्यात सासूबाई नाचणी, तूप आणि हिरवं लुगडं घेऊन बोरीहून राहायलाच आल्या आणि घरात दोन सत्ता झाल्या. बाई मला दर आठवड्याला बोलावून, खोली अंधारी करून, दोन्ही डोळ्यांत दिवा मारत. सासूबाईंना ते खपत नसे. पोटातल्या पोराला उजेड लागतो, असं त्यांचं मत. शिवाय आदल्या रात्री मला तपासलं की सकाळी दारात माझा डोळा. सुनेचा डोळा उंबऱ्याबाहेर मांडतात आणि वर कुत्रं बसतं, हे सासूबाईंना कसं पटावं? त्या पहाटे उठून कुत्र्याला भाकरी दाखवत लांब नेऊन बसवत. बाईंनी त्यांना "अडीच, चहा घेता का?" असं विचारलं की भिंतीकडे बघून सांगत, "मला नाव हाय. आईबापानी ठेवल्यालं हाय."

मी दोघींच्या मधे, आणि मला दिसेना. शाळेत शेवटच्या बाकाची त्या वर्षी चंगळ होती. पोरं वर्गात चिंचा खात, बोरं खात, एकाने तर कोंबडीचं पिल्लू आणलं होतं म्हणे. मला चिवचिव ऐकू येई आणि मी फळ्यापाशी उभी राहून खिडकीतल्या चिमण्यांना दटावत असे. दर आठवड्याला मी बाईंपुढे हात जोडायचे की सव्वाचा चष्मा द्या. त्या म्हणत, तू पाऊण आहेस. सव्वा तू नाहीस, पाणी आहे. तिथेच भांडण, तिथेच चहा.

डोहाळजेवण सातव्यात करायचं, पण बोरीला सुतक आलं म्हणून ते आठव्यात गेलं. आदल्या दिवशी कासारीण हिरवा चुडा भरायला आली तर बांगडी हातात चढेना. साबण लावला, प्लॅस्टिकची पिशवी चढवून बघितली, शेवटी दोन नंबर मोठ्या बांगड्या आणल्या. सगळ्या बायका हसल्या, सासूबाई सगळ्यात जास्त, म्हणाल्या की अंग धरलंय चांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात ना, तसं काहीतरी नाचत होतं. मला वाटलं, पोटात काही नाही म्हणून असेल.

रविवार होता. घर बायकांनी भरलं होतं. मला ते हिरवं लुगडं नेसवलं, फुलांचे दागिने घातले, पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी कुणी काढायची यावर मात्र एकमत झालं. हात सगळ्यात स्थिर डॉक्टरीणबाईंचा. सासूबाईंनी अट घातली की कमळ काढायचं, दुसरं काही नाही. बाई कबूल झाल्या, चक्क शपथ घेतली, आणि गेरू कालवायला घेतला तेव्हाच मी ओळखलं की आज माझा डोळाच निघणार. "एकदा बघून घेते," असं म्हणून त्यांनी मला आतल्या कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. दिवा जवळ आला. मी सवयीने कानाकडे बघत राहिले.

त्या नेहमी तपासताना बडबडत. त्या दिवशी एक अक्षर बोलल्या नाहीत. डावा डोळा, उजवा डोळा, परत डावा. मग बाहेर येऊन पाटापाशी उकिडव्या बसल्या. गेरू सारवला, हळदीचा ठिपका दिला. नीला काढल्या, त्या नेहमीसारख्या आल्या. मग कुंकू घेतलं आणि रोहिणी काढायला लागल्या. ती निघाली ती बारीक, पुढे आणखी बारीक, मधेच चिमटल्यासारखी, मधेच दोरा. त्यांनी हात थांबवला आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिल्या. बायका म्हणाल्या, अहो कुंकू संपलं का? बाई उठल्या आणि उजव्या पायाने ती सगळी रांगोळी पुसून टाकली.

 भरल्या पोटाच्या बाईच्या पाटाभोवतीची रांगोळी, आणि ती पायाने पुसलेली. एकजण तोंडाला पदर लावून रडायला लागली. बाईंनी मला विचारलं, डोळ्यांपुढे काय दिसतंय. मी म्हटलं, तवा. डोकं दुखतंय का? म्हटलं, दुखतंय. पुढच्या खोलीतून ब्लडप्रेशरचं यंत्र आलं, माझ्या फुलांच्या वाकीवरच पट्टा आवळला, आणि पारा जो वर गेला तो खाली यायला तयार होईना. आधीच्या महिन्यात हेच यंत्र अगदी शहाण्यासारखं वागलं होतं.

"जीप बोलवा," बाई म्हणाल्या. "पुण्याला जायचं. आत्ता."

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, त्यांचा आवाज फुटत होता. "सात वर्सं थांबलीया मी. वटी भरल्याबिगर माझी सून उंबऱ्याभायेर जायची न्हाई. तुमी रांगुळी पायानं पुसलीत बाई. पायानं."

बाईंनी पहिल्यांदाच सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं, कानाकडे नाही. म्हणाल्या, "तिच्या डोळ्यातल्या शिरा आखडल्यात. डोळ्यात आखडल्या म्हणजे सगळीकडे आखडल्या, बाळाकडे जाणाऱ्यासुद्धा. कुठल्याही क्षणी झटके येतील, मग ना ती राहील ना बाळ. ओटी जीपमध्ये भरा."

आणि आमची ओटी जीपमध्ये भरली. ड्रायव्हर बाईंचा जुना पेशंट निघाला. त्याला त्यांनी गाडीच सुरू करू दिली नाही, आधी चष्मा लाव म्हणाल्या, तर त्याने तो सीटखालून काढला. त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं की त्याला चष्मा आहे, आणि ती तिथेच ओटी भरायला आलेली. मी मागच्या बाकड्यावर डाव्या कुशीवर आडवी, उशाला बाई, पायाशी सासूबाई, मधे दाटीवाटीने चार सवाष्णी, आणि आमचे हे मागच्या फळीला लटकलेले, हातात नारळ. उजेड सोसत नव्हता म्हणून बायकांनी पदर सोडून खिडक्या झाकल्या. प्रत्येक खड्ड्याला तांदूळ माझ्या अंगावर. एकीने हळू आवाजात डोहाळ्याचं गाणं धरलं, बाई म्हणाल्या की म्हणा, पण टिपेला नेऊ नका, प्रेशर वाढेल. त्या सगळ्या पुण्यापर्यंत कुजबुजत गात होत्या. इतकी भीती वाटत असताना इतकं हसू मला पुन्हा कधी आलं नाही, आणि हसले की बाई दटावत.

नारायणगावला टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता अडलेला. बाई दिवा घेऊन खाली उतरल्या, सगळ्यात पुढच्या ट्रकच्या पायरीवर चढल्या, ड्रायव्हरच्या डोळ्यात दिवा मारला आणि सांगितलं की तुला मोतीबिंदू आहे. तो बिचारा इतका हादरला की ट्रक त्याने सरळ बाजूच्या शेतात घातला. रस्ता मोकळा. खेडच्या घाटात मला समोरच्या सासूबाई दोन दिसायला लागल्या. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी माझी हनुवटी घट्ट धरली आणि म्हणाल्या, "पाऊण, कानाकडे बघ. कानावरून नजर काढायची नाही." मी त्या कुडीचा लाल खडा पुण्यापर्यंत सोडला नाही.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. इंजेक्शनं, अंधारी खोली, पोट चिरलं. मुलगी झाली. एवढीशी होती म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून तिच्यापाशी नेलं, आणि मला ती दिसली नाही. एक गुलाबी डाग, भोवती पाणी. सात वर्षं जिची वाट बघितली ती हातभर अंतरावर होती आणि मला तिचं तोंड दिसेना. मी पेटीला डोळे लावले, चोळले, तरी डागच. माझे डोळे गेले, असं माझ्या मनाने घेतलं. बाई तिथेच होत्या, दोन दिवस त्या घरी गेल्या नव्हत्या. मी त्यांचा पदर धरून भीक मागितली की आता तरी चष्मा द्या, मला माझी पोरगी बघायची आहे.

त्यांनी दिवा काढला, बराच वेळ बघितलं. मग सांगितलं की पडद्याखाली पाणी साचलंय, त्याला चष्मा चालत नाही. प्रेशर उतरलंय, आता पाणीही उतरेल, आणि ते ओसरलं की पडदा आपला आपण खाली बसेल. चष्मा नाही. मी ढसाढसा रडले. तर म्हणाल्या, रड, तेवढंच पाणी कमी. मी म्हटलं, निदान सांगा तरी, कशी दिसते ती. बाई पेटीपाशी गेल्या, वाकल्या, परत आल्या आणि मोठ्या आनंदाने म्हणाल्या, "बुबुळं काळीभोर. दोन्ही बाहुल्या सारख्या. नाक वगैरे मी बघितलं नाही."

रोज विचारलं की रोज तेवढंच. आठवड्याने एका सकाळी पेटीकडे बघितलं तर डागाला कडा आल्या होत्या. मग कान, मग मुठी. आणि मग नाक. ते नाक सरळ सासूबाईंचं होतं, फुगलेलं आणि भांडायला तयार. मी ह्यांना म्हटलं, आणखी चार दिवस दिसलं नसतं तरी चाललं असतं. आणि त्याच पेटीवर डोकं ठेवून मी इतकी हसले की नर्स धावत आली.

बारसं बाराव्या दिवशी कुठलं व्हायला, ते दीड महिन्याने केलं. त्या दिवशी पहाटेच बाईंनी मला दवाखान्यात नेलं, तारीख त्यांच्या बरोबर ध्यानात होती. भिंगं चढली, उतरली. मी शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग आतला दिवा लावून पडदा बघितला, आणि या वेळी त्या आपल्या नेहमीसारख्या बडबडत होत्या. सव्वा निघून गेला होता. पाऊण. जुनाच चष्मा. म्हणजे इतके महिने भांडून झाल्यावरही मला चष्मा मिळाला नाही, आणि या खेपेला माझ्याकडे भांडायला मुद्दाच नव्हता. नावाचा विषय निघाला तर मी म्हटलं, रोहिणी ठेवावं म्हणते. बाई म्हणाल्या, रोहिणी नको, आखडते ती. शेवटी नाव आत्याने आपल्या मनाचं ठेवलं.

बाहेर आलो तर दारात सासूबाई. सडा घातलेला, गेरूचं वर्तुळ सारवलेलं, हळदीचा ठिपका दिलेला, जरा जास्तच मोठा. नीला काढून झाल्या होत्या, रोज सकाळी बघून बघून त्यांचे फाटे सासूबाईंना पाठ झाले होते. आता कुंकवाची चिमूट घेऊन त्या थबकल्या होत्या. सुनेचा डोळा उंबऱ्याबाहेर मांडू नका म्हणून भांडणाऱ्या त्याच सासूबाई. त्यांनी मान वर केली आणि बाईंच्या उजव्या कानाकडे बघत विचारलं, "डाक्टरीणबाई, त्या बारक्या शिरा आता केवढ्या जाड वढू?"

"पहिल्या होत्या तेवढ्या," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी मान हलवली, आणि रोहिणी काढली ती करंगळीएवढी. एक काढली, दुसरी काढली, नीलेच्या दुप्पट. बाईंना राहवेना. त्या खाली वाकून म्हणाल्या, अहो अडीच, इतक्या जाड नसतात कुणाच्याच. सासूबाई पुढची शीर ओढत होत्या. या वेळी त्यांनी आपल्याला नाव आहे असंही सांगितलं नाही.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनंच्या असू द्या."

बाईंनी दारात चुकीचा डोळा कधी राहू दिला नव्हता. तो मात्र चार दिवस तसाच होता, आणि ते तांबडं कुत्रं जवळ आलं की बाई काठी घेऊन स्वतः खाली येत होत्या.